मेण पाजलेली गिटार

मेण्याचं ते यंत्र पहिल्यांदा बघणारा माणूस हसायचाच. भंगारात काढलेल्या फ्रिजचा काळाकुट्ट कॉम्प्रेसर, त्यातून निघालेली नळी, मध्ये एक जाड बरणी, पुढे पुन्हा नळी आणि शेवटी बायकोचा प्रेशर कुकर. कुकरला शिट्टी नाही, मूळचं झाकणही नाही. त्याजागी बोटभर जाडीची पारदर्शक अ‍ॅक्रिलिकची थाळी आणि तिच्याखाली रबराची रिंग. हा सगळा जामानिमा गरम पाण्याच्या पातेल्यात बसवलेला. "काय हो, इथे जेवण पण मिळतं का?" हा विनोद जवळपास प्रत्येक गिऱ्हाईक करायचं, आणि मेण्या दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखा हसायचा. तसाच होता तो. कुणी टपली मारली तर दुसऱ्या टपलीसाठी डोकं पुढे करणारा.

पण कामात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, हे कबूल केलं पाहिजे. इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली एक चपटी डबी असते, तिला पिकप म्हणतात. आत लोहचुंबक आणि त्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. गिटारची तार थरथरली की ही डबी ती थरथर पकडते आणि अ‍ॅम्पकडे, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या खोक्याकडे, पाठवते. पण वेढे सैल असले की ते स्वतःच थरथरायला लागतात. मग आवाज वाढवला रे वाढवला की गिटार किंचाळते, कानठळ्या बसतात. इलाज एकच, पिकपला मेण पाजायचं. वितळलेल्या मेणात तो बुडवला की मेण वेढ्यांच्या फटीत जाऊन बसतं, थिजतं आणि सगळ्यांना जागच्या जागी गप्प करतं. नुसतं बुडवून भागत नाही, कारण आतली हवा आतच राहते आणि मेण वरवर चिकटतं. म्हणून हा पंप. कुकरमधली हवा ओढून घेतली की वेढ्यांच्या त्या कॉइलमधून बुडबुडे सुटतात, भाताला आधण आल्यासारखे. ते थांबले की हवा परत आत सोडायची. तीच हवा मग मेणाला तळापर्यंत ढकलते.

हे सगळं तो कुठे शिकला म्हणाल, तर कुठेच नाही. आधी जॅमच्या बरणीवर प्रयोग केला, ती बरणी आतल्या आत फुटली आणि काचा भिंतीत रुतल्या. मग मधली बरणी लावायची राहिली म्हणून मेण थेट कॉम्प्रेसरमध्ये गेलं आणि तो घुसमटून बंद पडला. शेवटी बायकोचा कुकर मागितला. तिने तो काही सुखासुखी दिला नव्हता, पण दिला. त्या दिवसापासून गल्लीने त्याचं बारशाचं नाव टाकून दिलं आणि तो मेण्या झाला.

पिकपची तार गुंडाळायची बायको. मशीन फिरायचं आणि ती तार दोन बोटांच्या चिमटीतून अशी सोडायची की ना ताण पडे ना ढिली होई. ते करताना ती गुणगुणायची. सुरात नव्हतीच ती, पण तिच्या बोटांना ती गुणगुण लागायची. गप्प राहिली की तार तुटायची.

आणि याच घरात, आतल्या खोलीत, म्हातारा होता. मेण्याचा बाप.

म्हाताऱ्याने उभं आयुष्य स्टेजवर गिटार वाजवली. हॉटेलांत, क्लबांत, ऑर्केस्ट्राबरोबर गावोगाव. वाजवायचा झकास, त्यात वाद नाही. पण स्टेजवरून उतरला की तोंडाचा पट्टा सुटायचा, आणि तो सुटायचा तो घरच्यांवर. गिऱ्हाईक दारात उभं असताना म्हणायचा, "वाटलं होतं, पोटी वाजवणारा येईल. आला तो कुकर लावणारा!" गिऱ्हाईक ओशाळं हसायचं. मेण्या तर त्याच्याहून मोठ्याने हसायचा, काय करणार!

सुनेला तर त्याने पहिल्या महिन्यातच पारखून घेतलं होतं. ती मशीनवर गुणगुणायला लागली की आतून हाक यायची, "अगं सूनबाई, दार लाव. कुणाचं तरी रेडकू आत शिरलंय." एकदा म्हणायचा, दोनदा म्हणायचा, आणि तिची मान खाली गेली की त्याला आणखी चेव यायचा. पुढे तिला दिवस गेले आणि तिसऱ्या महिन्यातच सगळं संपलं. ती दवाखान्यातून आली, भिंतीला धरून आत चालली होती. म्हातारा खुर्चीतून म्हणाला, "बेसूर ठिकाणी कोण थांबेल?"

ऐकलंत? असं म्हणाला तो. आणि मेण्या काय करत होता, सांगू? मेणात थर्मामीटर घालून आकडा वाचत होता. बायकोने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि आत जाऊन झोपली. त्यानंतर तिने गुणगुणणं सोडलं, तारा तुटत राहिल्या.

मग म्हाताऱ्याच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी घसा उघडला, जे कापायचं ते कापलं, आणि माणूस वाचला. आवाज मात्र गेला. ओठ हलायचे, हवा सुटायची, वीतभर अंतरावर बसलेल्यालाही कळायचं नाही. हातांना आधीच कंप सुटलेला, त्यामुळे गिटार तर गेलीच होती, पाटी-पेन्सिल दिली तर अक्षरांच्या जागी मुंग्यांची रांग. गळ्याला लावून बोलायचं एक बटणाचं यंत्र दवाखान्याने दिलं होतं. त्यातून निघालेला घरघराट ऐकून म्हाताऱ्याने ते भिंतीवर फेकून मारलं.

आणि त्या घरात शांतता आली. वाईट वाटलं पाहिजे, हो ना? बापाचा आवाज गेला. पण खरं सांगायचं तर लग्न झाल्यापासूनचे सगळ्यात चांगले दिवस तेच. बायको म्हाताऱ्याला वेळेवर पेज भरवायची, अंग पुसायची, औषध द्यायची, आणि त्याचे ओठ शिव्या देताना हलले तरी ती शांतपणे रुमालाने पुसून काढायची. एके दिवशी दुपारी मेण्याला बाहेरून मशीनची घरघर ऐकू आली आणि तिच्याबरोबर ती गुणगुणही. तो दारातच थांबला. डोळे भरून आले त्याचे. आत गेला असता, तिला जवळ घेतलं असतं तर काय बिघडलं असतं? पण नाही, तो पायरीवर बसून राहिला आणि तिचं गाणं संपल्यावर आत गेला.

हे सुख मोडलं ते एका खोकल्याने.

म्हाताऱ्याची जुनी गिटार त्याच्या पलंगाशेजारीच असायची. वाजवता येत नव्हती तरी तो ती मांडीवर घेऊन बसायचा, लेकराला घ्यावं तशी. मेण्याने त्या दिवशी दुरुस्तीला आलेला अ‍ॅम्प तपासायचा म्हणून म्हाताऱ्याच्या गिटारची वायर त्यात खुपसली, आवाज मोठा ठेवला आणि कसलासा रेझिस्टर आणायला तो बाहेरच्या खोलीत गेला. म्हातारा गिटारवर वाकून खोकला. खोकला अ‍ॅम्पमधून आला. म्हातारा थबकला. त्याने ओठ पिकपला टेकवले आणि काहीतरी पुटपुटला. अ‍ॅम्पमधून, खोलीभर, अगदी स्पष्ट आवाज आला, "रेडकू."

बाहेर मशीनवर तार तुटली.

त्या गिटारचा पिकप म्हणजे जुन्या काळचा, मेण कधी न लागलेला. आतले वेढे इतके सैल झालेले की तारांबरोबर तो माणसाचा श्वासही पकडत होता. असल्या पिकपला मेण दाखवायचंच नाही, हा या धंद्यातला पहिला नियम. शौकीन लोक त्यासाठी जीव टाकतात. गिटार किंचाळते ती त्यामुळेच आणि गोड वाजते तीही त्यामुळेच. मेण्या हे गिऱ्हाइकांना हात जोडून सांगायचा, "साहेब, ह्याला नका पाजू, ह्याचा आत्मा मरतो."

झालं! तो दुरुस्तीचा अ‍ॅम्प गिऱ्हाइकाकडे गेला, पण म्हाताऱ्याने स्वतःचा जुना अ‍ॅम्प माळ्यावरून काढायला लावला. खुणा करून, पाय आपटून. मेण्यानेच काढून दिला. "आजारी माणूस आहे, तेवढंच मन रमेल," असं तो बायकोला म्हणाला.

आधीचा म्हातारा मोठ्याने बोलायचा, तो परवडला. आता नुसती कुजबुज, पण भिंती हलवणारी. कानाशी तोंड लावून कुणी बोलावं तसं सगळ्या घरात एकाच वेळी ऐकू यायचं. स्वयंपाकघरात, मोरीत, कुठेही जा. "पेज भरवतेस की विष? हात बघ, खाटकाचे." "मेण्या, तुझी बायको पाय घासत चालते, तुला कसं चालतं रे?" आणि एकदा, ती मशीनवर बसलेली असताना, हळूच, लाडाने, "गा ना, सूनबाई. गा. पोरगं परत येतं का बघू."

ती उठली, मशीन बंद केलं आणि मेण्यासमोर येऊन उभी राहिली. रडत नव्हती. "अहो, मी एकच मागते," ती म्हणाली. "आत जा, त्यांच्यासमोर उभे राहा आणि म्हणा, 'बाबा, बस करा.' भांडू नका, ओरडू नका. दोन शब्द. मला इथून ऐकू आले पाहिजेत. इतक्या वर्षांत तुम्ही माझ्यासाठी तोंड उघडलेलं मी ऐकलं नाही. आता उघडलं नाहीत तर मी ताईकडे जाते, आणि मग आणायला येऊ नका."

"अगं, म्हातारा माणूस..."

"दोन शब्द."

मेण्या गेला. दारापर्यंत छाती काढून गेला. म्हाताऱ्याने मान वर केली, ओठ पिकपला लावले, आणि अ‍ॅम्प म्हणाला, "काय रे? काय हवंय?"

बस, दातखीळ बसली! घशाशी आलेले दोन शब्द कुठे गेले त्यालाच कळलं नाही. "काही नाही, बाबा," तो म्हणाला, "गोळी घेतलीत का?"

बाहेर बायकोने कपाट उघडल्याचा आवाज आला. मेण्याला घाम फुटला. काहीतरी करायला हवं होतं आणि आत्ता करायला हवं होतं. त्याची नजर गिटारवर गेली. "बाबा," तो गोड आवाजात म्हणाला, "तारा गंजल्यात हो. आणा इकडे, बदलून देतो. जरा साफही करतो."

म्हाताऱ्याने गिटारकडे पाहिलं, मग मुलाकडे. आयुष्यात पहिल्यांदा पोराने त्याच्या गिटारची काळजी केली होती. त्याने ओठ टेकवून म्हटलं, "जपून हं. जुनी आहे." आणि स्वतःच्या हाताने गिटार पुढे केली.

मेण्या बाहेर आला. "थांब गं," तो बायकोला हलक्या आवाजात म्हणाला, "उद्यापर्यंत थांब. मी करतो बंदोबस्त." तिला वाटलं, धीर गोळा करतोय. ती थांबली.

दुसऱ्या दिवशी ती भाजी आणायला बाहेर पडली आणि त्याने पंप लावला. त्या पिकपसाठी त्याने जितका जीव ओतला तितका कुणा गिऱ्हाइकासाठी ओतला नसेल. तारा सोडल्या, सोल्डर काढलं, पिकप फुलासारखा उचलला. जुनं प्लास्टिक, उष्णता जरा चढली की वाकडं होतं, म्हणून त्याने मेण नुसतं वितळेल एवढंच तापवलं. पॅराफिनमध्ये मधमाश्यांचं थोडं मेण, त्यानेच तर पक्कं बसतं. झाकण ठेवलं, कॉम्प्रेसर घुरघुरला, दाब दाखवणारा काटा खाली गेला आणि कॉइलमधून बुडबुडे सुटले. अहाहा, काय सुटले! इतक्या वर्षांची हवा कोंडलेली, थांबायला तयार नाही. मेण्या झाकणावर वाकून बघत राहिला. प्रत्येक बुडबुडा फुटला की त्याला बरं वाटत होतं. थांबल्यावर त्याने कॉक उघडून हवा आत सोडली. एरवी एका वेळेत काम होतं. त्याने पुन्हा ओढली. पुन्हा सोडली. एकही बुडबुडा निघेना तेव्हाच तो थांबला.

गार झाल्यावर पिकप परत बसवला, नव्या तारा चढवल्या, अ‍ॅम्प लावून पिकपवर स्क्रूड्रायव्हरने टकटक केली. काही नाही. तोंड लावून स्वतःच म्हणाला, "बाबा, बस करा." काही नाही. तारा छेडल्या तर मात्र स्वच्छ वाजल्या. अख्ख्या धंद्यात इतकं पक्कं काम त्याच्या हातून झालं नव्हतं.

संध्याकाळी म्हाताऱ्याने गिटार मांडीवर घेतली. नव्या तारांवरून हात फिरवला, खूश दिसला. ओठ टेकवले. बोलला. पुन्हा बोलला. मग वायर काढून परत खुपसली, अ‍ॅम्पचं बटण थरथरत्या बोटांनी शेवटपर्यंत फिरवलं, आणि तोंड इतकं दाबून लावलं की तार ओठात रुतली. त्याच्या नाकाचा धक्का लागून एक तार छानपैकी वाजली. तेवढीच.

"जुनं झालंय, बाबा," मेण्या दारातून म्हणाला. "चालायचंच."

म्हातारा त्याच्याकडे बघत राहिला. तो बापाने मुलाकडे बघावं तसा बघत नव्हता. वाजवणारा होता तो, कान शाबूत होते. तार इतकी स्वच्छ का वाजली हे त्याला कळलं होतं. हळूहळू त्याचा चेहरा आक्रसला आणि तो रडायला लागला. त्यालाही आवाज नव्हता.

बायको पेज घेऊन आली. तिने म्हाताऱ्याचा ओठ पाहिला, रक्त पुसलं. पुसतापुसता गिटारवर वाकली आणि तिने वास घेतला. तो वास तिला काही नवा नव्हता, तिच्या केसांना, कपड्यांना, उशीला तोच होता.

"मेण पाजलंत?"

मेण्याने मान डोलावली. हसलासुद्धा. बक्षीस मिळेल अशा तोंडाने उभा होता, गाढव! "झाला की नाही बंदोबस्त?" तो म्हणाला. "आता गा तू खुशाल."

तिने वाटी खाली ठेवली. "मी म्हटलं होतं, बोला," ती म्हणाली. "त्यांची जीभ कापा असं म्हटलं नव्हतं."

"अगं पण तुझ्याचसाठी..."

"माझ्यासाठी दोन शब्द मागितले होते. ते जमले नाहीत तुम्हाला. हे जमलं. गोड बोलून त्यांच्याच हातून गिटार मागून घेतलीत ना? मी होते की बाहेर, ऐकलं मी सगळं. मला वाटलं, पोरगा बापाशी चार शब्द प्रेमाने बोलतोय, आता बाकीचंही बोलेल." ती म्हाताऱ्याकडे वळली. "ते तोंडाने घाण होते, पण जे होतं ते तोंडावर होतं. तुमची मला भीती वाटते. उद्या मी अंथरुणाला खिळले आणि माझं कण्हणं तुम्हाला नकोसं झालं, तर तुम्ही मलाही हसतहसत, जपून, छान गरम करून..."

पुढचं ती बोलली नाही. तिने म्हाताऱ्याला पेज भरवली, वाटी धुऊन पालथी घातली, आणि पिशवी घेऊन निघाली. म्हाताऱ्याच्या पाया पडली नाही आणि मेण्याकडे वळून पाहिलं नाही. तो गल्लीच्या तोंडापर्यंत मागे गेला, "अगं ऐक तर, अगं ऐक," म्हणत. तिथे ओळखीचे लोक उभे होते म्हणून परत फिरला.

घरी आला तो सरळ आतल्या खोलीत गेला आणि म्हाताऱ्यासमोर उभा राहिला.

"बाबा, बस करा," तो म्हणाला.

किती सोपं निघालं! समोरून काहीच आलं नाही. त्याने पुन्हा म्हटलं, जरा मोठ्याने. मग आणखी काही म्हटलं. मग तुंबलेली मोरी मोकळी व्हावी तसं सगळं बाहेर आलं, लहानपणापासूनचं, आईचं, बायकोचं, त्या गेलेल्या पोराचं. म्हातारा बघत होता, ओठ हलवत होता, आणि मेण्या बोलत होता.

आता रोज बोलतो. गल्लीतल्या लोकांना आधी वाटलं, म्हाताऱ्याला आवाज परत आला की काय! पेज भरवताना बोलतो, अंग पुसताना बोलतो, गिऱ्हाईक दारात उभं असताना आत तोंड करून बोलतो, "काय हो उस्ताद, आज काय वाजवणार?" आणि गिऱ्हाईक ओशाळं हसतं. बायको ताईकडेच आहे. तार आता बाहेरून गुंडाळून आणतो.

परवा म्हाताऱ्याने त्याची बाही धरली. थरथरती मूठ वळली, तोंडासमोर धरली आणि ओठ हलवले. मग दाराकडे बोट केलं. पुन्हा मूठ, पुन्हा ओठ. माइक. आणून दे. ज्याचा बाप जन्मभर माइकवाल्या गायकांच्या शेजारी उभा राहिला त्याला ही खूण कळणार नाही? मेण्याला पहिल्या झटक्यात कळली.

"आइस्क्रीम?" तो म्हणाला.

म्हाताऱ्याने जोरजोरात मान हलवली. मूठ ओठांना लावून लावून दाखवली.

"कोन हवाय होय! मग सांगायचं ना."

तो खरंच गेला आणि घेऊन आला. म्हाताऱ्याची मूठ उघडली, त्यात कोन ठेवला, एकेक बोट मिटवून दिलं. म्हाताऱ्याच्या थरथरत्या हातातून आइस्क्रीम मनगटावर, बाहीवर, गिटारवर ओघळायला लागलं. मेण्या खुर्ची ओढून समोर बसला.

"खा ना, बाबा," तो म्हणाला. "तुम्हीच मागितलंत."